पूनमसिंगचा कायका

खैरी तांड्यावर पूनमसिंग आडेचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग चार शब्द चांगले बोलतात. हसतात ते यासाठी की हा गडी जगाचे आभार मानत फिरतो. पांढरकवड्याच्या पुढे हायवेवर त्याचा ट्रक उलटला, तेव्हा ज्या सरदारजीनं त्याला केबिनमधून ओढून काढलं, त्याला हा दर दिवाळीला फोन करतो. ज्या डॉक्टरनं डावा पाय कापायचा सोडून त्यात सळई घातली, त्याच्या दारात दरसाल नव्या तुरीची डाळ पोचवतो. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा. "सरळ माणसाले देवानं सरळच पाय देल्ला," असं तो स्वतःच म्हणतो. दुसरा कोणी म्हणाला तर मात्र अंगावर धावून जातो.

तांड्याच्या खालच्या अंगाला धरण आहे. त्यात ज्यांची शेतं बुडाली त्या घरांना मच्छीमार संस्थेचा पास मिळाला. पूनमसिंगच्या बापालाही मिळाला आणि बापामागं तो याच्या नावावर आला. ट्रकवरून घरी आला की पूनमसिंग ट्यूबवर बसून मासोळ्या मारायचा. ट्यूब म्हणजे ट्रकच्याच चाकाची. हवा भरायची, मधे पट्ट्या विणायच्या, वर बसायचं आणि पाय पाण्यात सोडून द्यायचे. हातात एक हातभर फळी, तेच वल्हं. या धरणावर गरिबाची नाव हीच.

अपघातानंतर डॉक्टरनं बजावलं की जखमेचा पाय तासन्‌तास पाण्यात भिजवलात तर मी वाचवलेला पाय मीच कापीन. लाकडी डोंग्यात बसावं तर त्यात मांडी घालावी लागते, आणि मांडी तर गेली. झालं! धरण घरासमोर आणि माणूस काठावर. तीन वर्षं त्याच्या पासवर त्याची बायको जमनी ट्यूबवर जात राहिली. सकाळी जाळं काढायची, मासोळ्या संस्थेच्या वजनकाट्यावर द्यायची, मग दोन एकर कापसात राबायची. घर चाललं, पोरीचं, पुष्पाचं, नेरला लगीनही झालं. पूनमसिंग काठावर बसून जाळी शिवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार घालायचा.

पण संस्थेचा एक नियम होता. पास ज्याच्या नावाचा, त्यानं स्वतः पाण्यात उतरायचं. लोक पास भाड्यानं द्यायला लागले, बाहेरचे ठेकेदार घुसायला लागले, म्हणून केलेला नियम, वाईट नव्हता. संस्थेचा सचिव घनश्याम ठाकरे कुणब्याचा, जिभेचा तिखट, मनाचा बरा. एका संध्याकाळी तो मोटरसायकल लावून पूनमसिंगच्या ओट्यावर येऊन बसला.

"पूनमभाऊ, तीन साल मी डोळेझाक केली. आता दोघं-तिघं बोंबलून राह्यले. पाससाठी नऊ जनं रांगेत हायेत. पंधरा दिवसानं, रविवारी सभा हाय. सगळ्याइच्या समोर तू एकट्यानं जाळं टाकजो अन् एकट्यानंच काढजो. नाही जमलं तं पास दुसऱ्याले द्या लागते. मंग मले शिव्या नको देजो."

"शिव्या कायले देऊ, भाऊ? तीन साल तू ठेवला, थेच कोन ठेवते?" पूनमसिंग म्हणाला, आणि हात जोडले. घनश्याम वैतागला.

"हात नको जोडू लेका! बसाची सोय पाह्यजे तुले. नागपूरच्या एका दुकानवाल्याशी बोललो हाय. प्लास्टिकच्या नावा हायेत त्याच्याजवळ. तीन नमुने आठ दिवस वापराले देते म्हनते. जे तुले पटन, थे संस्था घेईन, अन् तुह्याकडे ठेवीन. पन पसंत तूच करजो, बुडशीन तं मी नाही जिम्मेदार."

त्या रात्री पूनमसिंगला झोप आली नाही. पास गेला तर धरण परक्याचं होणार होतं, आणि त्याच्या बापाचं शेत त्याच धरणाच्या तळाशी होतं.

ठरल्या दिवशी टेम्पो आला. एक नारंगी, एक राखाडी, एक हिरवी, अशा तीन लांबट नावा उतरवल्या. सोबत दुकानाचा माणूस, सुनील. अख्खा तांडा काठावर गोळा झाला. म्हाताऱ्या भीमराज नायकानं काठीनं नारंगी नाव ठोकून पाहिली.

"काय म्हन्ते रे याले?"

"कयाक, काका."

"काय का?"

"कयाक!"

"अरे, मी बी थेच विचारून राह्यलो, काय का?"

असा दोघांचा बराच वेळ संवाद झाला. तेव्हापासून तांड्यावर त्या नावेला कायका म्हणतात. आता नागपूरहून कोणी कितीही शुद्ध बोलत आलं तरी ते बदलायचं नाही.

आता पूनमसिंगनं कायका पारखायचा तो कसा? त्याला एकच पारख येत होती, बैलाची. त्याचा आजा लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेला. आजा सांगायचा, शिंगं आणि रंग पाहून बैल घेतो तो गाढव. तीन गोष्टी पाहायच्या. पाठ पाहायची, म्हणजे ओझं तिच्यावर सुखानं बसतं का. पाय पाहायचे, म्हणजे बैल ओझ्याखाली डगमगतो का. आणि चाल पाहायची. "दोन्ही अंगाले सारखी गोनी टाकली तं कोनताही बैल उभा राह्यते," आजा म्हणायचा, "एका अंगाले टाकून पाह्य!" पूनमसिंगनं सुनीलला हे सगळं सांगितलं. सुनील म्हणाला, "सर, याला शिंगं नाहीत, आणि रंग तुम्हाला हवा तो मिळेल."

नारंगी कायका पहिल्याच दिवशी निकालात निघाला. अरुंद, लांब, आणि मधे एक भोक. त्यात पाय घालून बसायचं. सुनील म्हणाला, हा सगळ्यात फास्ट. असेल बाप्पा. पूनमसिंगचा न वाकणारा पाय आत गेला खरा, पण कंबरभर पाण्यात कायका कलंडला तेव्हा बाहेर येईना. चौघांनी काखेत हात घालून मुळा उपटावा तसा त्याला उपटला. नाकातोंडात पाणी गेलेलं, तरी हा गडी चौघांना म्हणतो, "देव तुमचं भलं करो."

राखाडी कायक्यावर मात्र त्याचा जीव जडला. त्यात उंच खुर्ची होती, पाठीला टेका देणारी. "अशी खुर्ची तं तहसीलदाराले नाही!" आणि खाली सायकलसारखं पायडल. एका पायानंही चालत होतं. उजव्या पायानं मारलं की पाण्याखालची पंखी हलायची आणि कायका पुढं निघायचा, दोन्ही हात मोकळे. दोन दिवस पूनमसिंग राजासारखा फिरला. जमनी शेजारून ट्यूबवर जाताना म्हणाली, "पुष्पाचे बापू, खाली मानसं राह्यतेत, पाह्यता का जरासे?"

तिसऱ्या दिवशी त्यानं आजाची कसोटी लावली. ओल्या रेतीचं पोतं एका अंगाला टांगलं. जाळ्यातली मासोळी काही दोन्ही बाजूंनी वाटून येत नाही. जाळं एकाच अंगानं ओढावं लागतं. पोतं टांगलं आणि उंच खुर्चीवरचा पूनमसिंग असा कलला की पोतं कापून टाकलं तेव्हाच वाचला. तरी त्याचं मन खुर्चीवरून उठेना. चौथ्या दिवशी मात्र बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत पंखी अडकली. मासोळ्या तर तिथंच असतात! पुढंही जाईना, मागंही येईना. तासभर तो उन्हात त्या खुर्चीवर बसून राहिला. शेवटी जमनी ट्यूबवर आली, पाण्यात हात घालून पंखी सोडवली आणि म्हणाली, "उतरा राजेसाहेब, राज्य खालसा झालं."

उरला हिरवा. रुंद, चपटा, दिसायला म्हशीसारखा. वर बसायचं, पाय लांब करून. सरळ पायाला सरळ जागा. बैठक बुटकी, पण पाठीला कापडाचा टेका होता. सगळं ठीक, पण तळाला चार भोकं! पूनमसिंगचं डोकं सणकलं. फुटका माल गळ्यात मारतो काय हा पोट्टा? तांडा कापूस पिकवणारा; त्यानं घरचा कापूस आणला, डांबरात बुडवला आणि चारही भोकांत बोळे ठोकून बसवले. मग ऐटीत पाण्यात गेला. वल्ह्यावरून थेंब थेंब पाणी आत पडत राहिलं, जायला वाट नाही. तासाभरात तो वीतभर पाण्यात बसलेला, आणि डॉक्टरनं जपायला सांगितलेला पाय चांगला भिजून निघालेला. सुनीलनं पाहिलं आणि हसता हसता काठावर बसला.

"अहो सर, ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत! कायका आतून पोकळ आणि सगळीकडून बंद आहे, बुडत नाही."

सुनीलसुद्धा कायका म्हणायला लागला होता. पूनमसिंगनं खिळ्यानं बोळे उकरून काढले आणि सुनीलची माफी मागितली, दोनदा. मग रेतीचं पोतं टांगलं. हिरवा कायका त्या अंगाला चार बोटं दबला आणि उभा राहिला. पूनमसिंग त्यात ओणवा झाला, हललाडुलला, पोतं हातानं वर ओढलं. उभाच! "पाठ हाय, पाय हायेत!" तो काठाकडे ओरडला, आणि त्याला खरंच आजाची आठवण येऊन भरून आलं.

पण चाल? त्या कायक्याचं वल्हं लांब, दोन्ही टोकांना पातं असलेलं. दोन्ही हातांनी धरायचं. एकदा इकडे मार, एकदा तिकडे. रिकामं फिरायला झकास. पण जाळं सोडायचं कोणत्या हातानं? पूर्वी तो ट्यूबवर असायचा तेव्हा पाण्यातले दोन्ही पाय ट्यूब सांभाळायचे, इथं पाय वर. वल्हं खाली ठेवलं की वारा कायक्याला ढकलत नेई आणि जाळ्याचा गुंता पाण्यात पडे. गुरुवारी गुंता, शुक्रवारी गुंता. शनिवारी दुपारी तो काठावर आला, वल्हं फेकलं आणि जमनीसमोर बसला.

"घनश्यामले सांगून टाक, पास देऊन टाक म्हना कोनालेही. दोन हाताच्या मानसाचं हे काम नोहे. तिसरा हात पाह्यजे."

जमनीनं वल्हं उचललं, मधल्या जोडावरची घुंडी दाबली, पिळा दिला आणि त्याचे दोन तुकडे केले. पूनमसिंग बघतच राहिला. ते जोडलेलं होतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अख्खं कायले धरता?" तिनं अर्धं वल्हं त्याच्या हातात दिलं. "उजव्या हातानं एकच पातं मारा, मागून. डाव्या हातानं जाळं सोडा. अन् जाळ्याची वरची दोरी दातात धरा."

"दातात?"

"हायेत न तोंडात अजून?"

तिनं ट्यूब पाण्यात ढकलली आणि करून दाखवलं. पूनमसिंग तीन वर्षं काठावरून हे पाहत आला होता, पण लांबून. बाई पाण्यावर वाकलेली तेवढी दिसायची. आता हातभर अंतरावर दिसलं. एक हात वल्ह्याला, एक हात जाळ्याला, दोरी दातात, मान तिरपी, आणि ट्यूब रेषेत सरळ चाललेली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत ती त्याच्या बाजूनं ट्यूबवर फिरली. चुकला की ओरडली, पुन्हा चुकला की जास्त ओरडली. सातव्यांदा जाळं सरळ पडलं.

रविवारी काठावर साठ-सत्तर माणूस होतं. पूनमसिंग एकटा गेला. एकट्यानं जाळं सोडलं, दोन तास थांबला, एकट्यानं काढलं. जाळ्याच्या वजनानं कायका कलला तेव्हा काठावरचे लोक टाचा उंचावून पाहायला लागले; मग तो सरळ झाला. नऊ रोहू आणि एक चांगली मोठी मरळ. बोंबलणाऱ्यांपैकी एकानं तर पुढं होऊन कायका ओढायला हात लावला. घनश्यामनं रजिस्टर उघडलं. "पास पूनमसिंग आडेकडे कायम. अन् हा हिरवा... कायकाच लिहितो बावा, हा बी त्याच्याचकडे."

"थांब भाऊ," पूनमसिंग म्हणाला. ओल्या कपड्यांनी, काठीच्या आधारानं उभा. "मी जाऊ शकतो, हे दाखवलं. आता कोनी म्हनन नाही का लंगड्यानं नाइलाजानं सोडला. हा पास जमनीच्या नावावर कर. कायका बी तिच्याच नावावर. तीन साल धरन तिनं सांभाळलं. मी सगळ्या दुनियेले हात जोडत फिरलो, घरच्या बाईले एक शब्द नाही बोललो. हे चुकलंच माह्यं."

भीमराज नायक मान डोलवायला लागला. घनश्याम म्हणाला, कागद लागतील, पण होईल. सगळ्यांनी बायांच्या घोळक्याकडे पाहिलं. जमनीच्या डोळ्यांत पाणी येईल, ती पदर तोंडाला लावील, असं सगळ्यांना वाटलं असणार. ती तरातरा पुढं आली.

"मले नाही पाह्यजे!"

"काहून व?"

"मंग काय जलमभर पान्यातच राहू मी? तुमाले सोय झाली, आता तुमी जा! मले पोहता येत नाही!"

पूनमसिंगला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पन तवा मी विचारलं होतं न तुले, पोहता येते का म्हनून. तू म्हनली, आमच्या तांड्याजवळ नदी हाय."

"नदी हाय, असं म्हनली. पोहता येते असं कुठं म्हनली?" जमनीचा आवाज चिरकला. "खरं सांगतलं असतं तं जाऊ देल्लं असतं तुमी? पास गेला असता, अन् तुमी खाटेवर पडून भिंतीकडे पाहत राह्यले असते. दवाखान्यातून आले तवा पाहतच होते. रोज ट्यूबवर बसताना सेवालाल बापूचं नाव घेत होती मी. रोज! एक डाव ट्यूब मधेच फुसफुसली. काठावर कशी आली मले मालूम नाही. थ्या दिवशी घरी येऊन तुमाले भाकर वाढली, काही सांगतलं नाही."

जगाला नमस्कार घालणारे पूनमसिंगचे हात तसेच लोंबत राहिले. घनश्यामनं रजिस्टर मिटलं, चष्मा काढून पुसला आणि उगाचच कोणावर तरी ओरडला की मासोळ्या उन्हात काहून ठेवल्या. पास होता त्याच नावावर राहिला. जमनीनं त्या दिवशी ट्यूबची हवा सोडली आणि ती घडी करून छपरावर फेकून दिली.

सोमवारी सकाळी पूनमसिंग एकटाच निघाला. जमनी काठावर दगडावर बसली होती, कोरडी, हातात चहाचा पेला, पायाला घरातल्या चपला. धरणाच्या मध्यावर, जिथं खुंट नाहीत आणि तळ फार खोल आहे, तिथं वारा सुटला. हिरवा कायका जरासा डुलला. एवढंच. पण पूनमसिंगनं दोन्ही कडा घट्ट धरल्या. तो चांगला पोहणारा गडी. न बुडणारा कायका त्याच्या बुडाखाली, पाय कोरडे, पाठीला टेका. आणि तरी भीती वाटली. याच पाण्यावर, एवढ्याच खोलीवर, ती हवा भरलेल्या रबरावर बसून पाय लोंबकळत सोडायची, तीन वर्षं, पावसाळ्यातसुद्धा. आणि तो काठावर बसून सुई-दोऱ्यानं जाळं शिवत तिला हाक मारून सांगायचा, की जरा आत जाय, आत मासोळ्या जास्त हायेत.

"जमनी!" तो जोरानं ओरडला. पाण्यावरून आवाज लांब जातो. आजूबाजूचे ट्यूबवाले थांबून पाहायला लागले.

ती दचकून उभी राहिली. "काय झालं? बुडून राह्यले का?"

"नाही! तुह्ये लय उपकार हायेत माह्यावर! हा जीव तुह्यामुळं हाय, घर तुह्यामुळं हाय!"

ट्यूबवाले हसले. एकानं शिट्टीही मारली. जमनीनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग कंबरेवर हात ठेवला.

"हे घरी येऊन सांगजा! आधी जाळं टाका, हवा वाढून राह्यली!"

"हो!" पूनमसिंग म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि जाळं सोडायला लागला.